उन्हाळ्यात डोळे खाजले तर आधी गार पट्टी ठेवा, मेडिकलमधले थेंब नकोत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च लागला की सगळ्या पेपरांत उष्माघाताच्या सूचना येतात, पाणी प्या, ताक प्या, डोक्याला दुपट्टा बांधा, हे सगळं बरोबरच आहे पण त्यात डोळ्यांबद्दल कधी काही वाचायला मिळत नाही म्हणून लिहितेय. मी अकोला जिल्ह्यात शाळेवर शिक्षिका आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, वर धूळ, मळणीचं भुसकट, आणि घरात कूलरचा झोत थेट तोंडावर. सकाळची शाळा सुरू झाली की वर्गात काही पोरं हमखास अशी दिसतात की त्यांचं पुस्तकात लक्षच नाही, दोन्ही मुठींनी डोळे चोळत बसलेली, डोळे लाल, उजेडाकडे बघवत नाही, कोपऱ्यात दोऱ्यासारखी चिकट चिपडं. "मॅडम, डोये खाजून राह्यले" हे वाक्य मी जूनपर्यंत ऐकत असते.

ही बहुतेक वेळा उन्हाळी ऍलर्जी असते, डोळ्यांचे डॉक्टर तिला व्हर्नल म्हणतात. गरम कोरड्या हवेच्या प्रदेशात जास्त, मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त, आणि वयात आल्यावर बऱ्याच जणांची आपोआप कमी होते. म्हणजे चार-पाच वर्षं सांभाळून काढायची असतात आणि त्या काळात डोळ्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही, एवढंच खरं काम. नुकसान कशाने होतं तर एक चोळण्याने आणि दुसरं चुकीच्या थेंबांनी. चोळलं की पापणीच्या आतल्या पेशी फुटून त्यातून हिस्टामिन नावाचं खाज आणणारं रसायन आणखी बाहेर पडतं, मग आणखी खाज, मग आणखी चोळणं, आणि वर्षानुवर्षं असं चोळलं तर बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ होऊन टोकदार व्हायला लागतो, मग साध्या चष्म्याने नीट दिसत नाही.

पोराला नुसतं "चोळू नको" म्हणून काही होत नाही, खाज काय असते ते ज्याला येते त्यालाच कळतं. हाताला दुसरं काहीतरी द्यावं लागतं, आणि ते म्हणजे गार पट्टी. स्वच्छ सुती फडकं घ्यायचं, जुन्या धुतलेल्या धोतराचं किंवा मलमलचं उत्तम, ते माठातल्या नाहीतर फ्रिजमधल्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि डोळे मिटून पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवायचं, गरम झालं की परत बुडवायचं. दिवसातून तीन-चार वेळा केलं तरी चालतं. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, लाली कमी होते, खाजेचा जोर ओसरतो.

हे आजीबाईचं म्हणून कोणी हसत असेल तर सांगते, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या ऍस्टन विद्यापीठातल्या लोकांनी यावर नीट प्रयोग केला होता, २०१४ मध्ये छापून आला. गवताच्या परागाची ऍलर्जी असलेली १८ माणसं घेतली, त्यांना पराग सोडलेल्या खोलीत बसवलं आणि मग कधी नुसती गार पट्टी, कधी कृत्रिम अश्रूंचे थेंब, कधी ऍलर्जीचं औषध, कधी दोन्ही एकत्र असं करून बघितलं. गार पट्टीने आणि अश्रूंच्या थेंबांनी खरोखर फरक पडला, आणि औषधासोबत गार पट्टी ठेवली तर नुसत्या औषधापेक्षा जास्त बरं वाटलं. माणसं थोडी होती हे खरं, पण ज्या उपायाला एक रुपया लागत नाही त्याला एवढा आधार मला पुरेसा वाटतो.

गारव्याचं शास्त्रही फार सुंदर आहे. बुबुळाच्या पडद्यावर जितक्या दाट नसा आहेत तितक्या शरीरात क्वचितच कुठे असतील, आणि त्यातल्या काही फक्त गारवा ओळखतात. डोळ्यातलं पाणी उडायला लागलं की पृष्ठभाग जरासा थंड होतो, तो या नसांना कळतो आणि त्या पापणी मिटायला, पाणी सोडायला लावतात. या नसांवर गारवा ओळखणारा जो रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारा घटक असतो, त्याचं नाव टीआरपीएम ८, आणि पुदिन्याचं मेंथॉल आपल्याला थंड लागतं तेही त्याच्यामुळेच. तो शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, मिरचीचा तिखटपणा शरीराला कसा कळतो आणि स्पर्श कसा कळतो ही कामंही त्यातच होती. अमेरिकेत तर २०२५ मध्ये याच रिसेप्टरला जागं करून डोळ्यात पाणी आणणारे थेंब मंजूर झालेत. पण म्हणून बाजारात मिळणारे कापूर-मेंथॉल घातलेले "थंडक" देणारे थेंब पोरांच्या डोळ्यात घालू नका, त्याने थंड वाटतं तेवढंच, डोळ्याचं तापमान काही उतरत नाही, सूज तिथेच राहते.

आता ज्याने मला खरोखर राग येतो ते. गावात पोराचे डोळे लाल झाले की बाप मेडिकलमध्ये जातो आणि चिठ्ठी नसताना त्याला स्टिरॉइडचे, म्हणजे सूज आणि लाली झटकन दाबणाऱ्या जोरदार औषधाचे थेंब मिळतात. दोन दिवसांत डोळे पांढरे स्वच्छ, घरचे खूश, मग दर उन्हाळ्यात तीच बाटली, शेजाऱ्याच्या पोरालाही तीच. ते थेंब वाईट नाहीत, व्हर्नल जोरात असेल तर डॉक्टर स्वतः थोडे दिवस देतात आणि डोळ्याचा दाब तपासत राहतात. पण तपासणीशिवाय महिनोन्‌महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, लहान वयात मोतीबिंदू होतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. दुखत नाही म्हणून कोणाला कळतही नाही. शेतात कुसळ लागून किंवा तुरीची काडी घुसून डोळा लाल झालेला असेल तर हेच थेंब आणखी घातक, कारण तशा जखमेत बुरशी वाढते आणि स्टिरॉइडने ती पसरते. गार पट्टीने पोराची आजची रात्र निभते आणि उद्या डॉक्टरकडे जायला सवड मिळते, माझ्या मते तिची खरी किंमत ही आहे.

पण सगळ्याच दुखण्याला गार चालत नाही हेही लोकांना कळायला पाहिजे. रांजणवाडीला गरम शेक लागतो. वय झालेल्यांचे किंवा दिवसभर मोबाईल-कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांचे डोळे वाळू गेल्यासारखे खुपतात तेव्हा पुष्कळदा पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबलेल्या असतात, आणि ते तेल थंडीतल्या खोबरेल तेलासारखं गोठलेलं असतं, तिथे गार ठेवून ते आणखीच घट्ट होणार, तिथेही कोमट शेकच. डोळे आले असतील तर गार पट्टीने आराम पडतो पण प्रत्येकाचं फडकं वेगळं पाहिजे, नाहीतर २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर साथ पसरली तशी घरातल्या घरात पसरते. बर्फ थेट पापणीवर कधीच नको, तिथली कातडी सगळ्या शरीरात सगळ्यात पातळ असते. पट्टीचं पाणी डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी काढायची. गुलाबपाणी, मध, दूध, आईचं दूध यातलं काही डोळ्यात घालायचं नाही, काकडीच्या चकत्याही नकोत, सुती फडकं असताना गरजच काय.

आणि तंबाखूच्या चुन्याची पुडी. लहान पोरं ती दाबून फोडतात आणि चुना डोळ्यात उडतो. तिथे पट्टी वगैरे शोधत बसू नका, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने डोळा उघडा धरून निदान वीस मिनिटं धुवा, पापणीखाली अडकलेला चुना निघाला पाहिजे, आणि तसंच दवाखान्यात न्या. दुखणं खूप असेल, नजर धूसर झाली असेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल तरी त्याच दिवशी डॉक्टर, घरी थांबायचं नाही.

माझ्या दोन मागण्या आहेत. अन्न व औषध प्रशासनाने उन्हाळ्याच्या तोंडावर तालुक्याच्या मेडिकलमध्ये स्टिरॉइडचे डोळ्यांचे थेंब चिठ्ठीशिवाय विकले जातात का ते बघावं. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्यांनी नंबर तपासताना प्रत्येक लाल डोळ्याच्या पोराला "घरी कोणते थेंब घालतोस" एवढं विचारावं, शक्य तर बाटली मागवून बघावी, आणि ज्यांचे थेंब स्टिरॉइडचे निघतील त्यांना थेट जिल्हा रुग्णालयात दाब तपासायला पाठवावं. गार पट्टी कशी ठेवायची ते आम्ही शिक्षक शिकवू.

आपली,
एक शिक्षिका, अकोला जिल्हा