रिकाम्या टाक्यांची जबाबदारी कोणाची?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डोंबिवली एमआयडीसीत २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटानंतर धोकादायक रासायनिक कारखाने शहराबाहेर हलवण्याची घोषणा झाली आणि तेव्हापासून आमच्याकडची चर्चा जागा, भरपाई आणि मुदत या तीन शब्दांभोवती फिरते आहे. २६ मे २०१६ च्या स्फोटानंतरही आम्ही याच तीन शब्दांवर वाद घातला होता. स्थलांतराला माझा विरोध नाही. २०२० मध्ये रासायनिक प्रदूषणाने गुलाबी झालेला रस्ता ज्यांनी पाहिला त्यांना त्याची गरज पटवून द्यावी लागत नाही. परंतु रंगांसाठी लागणारी इंटरमिजिएट रसायने बनवणाऱ्या एका कारखान्यात अनेक वर्षे शिफ्ट सुपरवायझर म्हणून काम केल्यामुळे मला एक प्रश्न सतत खटकतो. कारखाना हलवायचा म्हणजे आधी तो बंद करायचा, टाक्या उपसायच्या, रिअ‍ॅक्टर (ज्यात रासायनिक प्रक्रिया होते ती भांडी) धुवायचे आणि पाइपलाइनी कापायच्या. हे काम कोण करणार आणि कोणाच्या देखरेखीखाली?

उत्पादन थांबले की धोका थांबला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. भोपाळची आठवण या समजाच्या नेमकी विरुद्ध आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथील मिथाइल आयसोसायनेटचे उत्पादन चालू नव्हते, केवळ साठा होता. ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन. टाकीत पाणी शिरले आणि प्रक्रिया भडकली तेव्हा साठा थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिन्यांपासून बंद होती आणि वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरची पाइपलाइन दुरुस्तीसाठी सोडवलेली होती. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरीन या प्लास्टिकसाठी लागणाऱ्या द्रवरूप रसायनाची गळती होऊन १२ जण गेले, तोही कारखाना टाळेबंदीमुळे थांबलेला होता. स्टायरीन नुसते पडून राहिले आणि तापू लागले, तर त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊ लागतात, त्यातून आणखी उष्णता निघते आणि ती प्रक्रियेला अधिक वेग देते. म्हणून ते थंड ठेवावे लागते आणि त्यातील, ही प्रक्रिया रोखणाऱ्या प्रतिबंधक द्रव्याचे प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. चालू कारखान्यात दर तासाला कोणी ना कोणी तापमानाचा काटा पाहून लॉगबुकात आकडा लिहितो; बंद कारखान्यात बहुधा गेटवर एक सुरक्षारक्षक असतो आणि टाकीत काय आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

या संदर्भात एक बाब तातडीने तपासायला हवी. नियमभंग करणाऱ्या कारखान्यावर बंदीचा आदेश निघतो तेव्हा त्याची वीज आणि पाणी तोडण्याचे निर्देशही दिले जातात. कारवाई म्हणून ते योग्यच आहे. पण ऑरगॅनिक पेरॉक्साइडसारखा माल ठरावीक तापमानाखाली ठेवावा लागतो, नाहीतर तो आपसूक विघटन पावू लागतो, आणि विजेअभावी चिलर बंद पडला की हा माल कोणाच्याही हुकमाची वाट पाहत नाही. त्यामुळे वीज तोडण्यापूर्वी आत कोणता माल थंड ठेवावा लागतो आणि तो निर्धोक झाला आहे किंवा दुसरीकडे हलवला आहे, याची लेखी खात्री संबंधित अधिकाऱ्याने करून घेणे बंधनकारक असले पाहिजे.

आता तोडफोडीविषयी. आमच्या क्षेत्रात जुनी यंत्रसामग्री बहुतेक वेळा भंगाराच्या भावाने विकली जाते आणि ती उचलून नेण्याचा ठेका घेणाराच ती कापतो. त्याच्याकडची माणसे रोजंदारीवर येतात, रसायनांची नावे त्यांना माहीत नसतात आणि गॅस कटर चालवता येणे एवढीच त्यांची पात्रता असते. मी नोकरीत असताना एका रविवारी दोन वर्षे बंद असलेली सॉल्व्हंटची (द्रावकाची) टाकी कापायला अशीच दोन मुले आली होती. ‘टाकी केव्हाच रिकामी आहे, वास घेऊन बघा,’ असे मला सांगण्यात आले. तळाशी गाळ होता आणि त्यात मुरलेले टोल्युईन हे ज्वलनशील सॉल्व्हंट. मी काम थांबवले. सोमवारी मला वरिष्ठांकडून ऐकून घ्यावे लागले, कारण ट्रकचे भाडे वाया गेले होते. टोल्युईनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो बिंदू, सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि हवेत ही वाफ सव्वा टक्क्याच्या आसपास असली तरी ठिणगीला पुरते. भरलेल्या पिंपात वाफेला जागा थोडी असते. ‘रिकाम्या’ पिंपात वाफ आणि हवा यांचे मिश्रणच भरलेले असते. रिकामे पिंप अधिक जपून हाताळावे, हे आम्हाला जुन्या ऑपरेटरांनी शिकवले होते, कोणत्याही प्रशिक्षणवर्गाने नव्हे.

टाकी खऱ्या अर्थाने रिकामी करण्याची रीत अवघड नाही, पण ती वेळखाऊ आहे आणि म्हणूनच टाळली जाते. टाकीला जोडलेल्या प्रत्येक लाइनमध्ये फ्लँजच्या जोडात ब्लाइंड, म्हणजे वाट पूर्ण बंद करणारी भरीव चकती, मारावा लागतो. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, कारण जुने व्हॉल्व्ह गळतात. मग टाकी धुऊन, वाफेने किंवा नायट्रोजनने पर्ज करून (आतली वाफ हुसकून लावून), वारा खेळता ठेवून, आत उतरण्यापूर्वी ऑक्सिजन, ज्वलनशील वाफ आणि विषारी वायू मीटरने मोजावे लागतात आणि काम चालू असताना पुन्हा पुन्हा मोजावे लागतात. नायट्रोजनला वास नसतो, तो माणसाला कोणतीही सूचना न देता बेशुद्ध करतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास असतो खरा, पण त्याचे प्रमाण वाढले की तो वास घेण्याची शक्तीच मारतो. ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) टाकीत एक कामगार कोसळल्यावर त्याला काढायला उतरलेले दोघे-तिघेही दगावल्याच्या बातम्या आपण वरचेवर वाचतो. त्या प्रत्येक बातमीत मीटर कोठे होता, हे मात्र लिहिलेले नसते.

घाईने केलेल्या ‘तात्पुरत्या’ कामाचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधील फ्लिक्सबरोचे आहे. तेथे सहा रिअ‍ॅक्टरांपैकी एकाला तडा गेला म्हणून तो काढला आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे रिअ‍ॅक्टर एका वळणदार पाइपने जोडले. त्या पाइपचा आराखडा वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढला होता. १ जून १९७४ रोजी ही जोडणी तुटली आणि २८ माणसे मेली. आमच्या कारखान्यांत खडूदेखील लागत नाही, तोंडी सांगितले की काम होते.

कायदे नाहीत असे कोणी म्हणू नये. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना आणि परिसरातील रहिवाशांना देणे कारखानदारावर बंधनकारक झाले. १९८९ आणि १९९६ च्या नियमांनी आपत्कालीन आराखडे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा संकट गट आणि प्रत्येक औद्योगिक पट्ट्यासाठी स्थानिक संकट गट आणले. स्थानिक गटाने दर सहा महिन्यांनी पूर्ण स्वरूपाचे मॉक ड्रिल करावे, असेही त्यात आहे. मी पस्तीसहून अधिक वर्षे कारखान्यांच्या कुंपणापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो. माझ्या सोसायटीला अशा ड्रिलसाठी एकदाही बोलावणे आलेले नाही आणि सायरन वाजला तर घरात थांबून दारे-खिडक्या लावायच्या की वाऱ्याची दिशा पाहून तिला काटकोनात निघून जायचे, हे आमच्या इमारतीत कोणालाही सांगता येणार नाही.

यातील बरीचशी बंधने साठ्याच्या ठरावीक मर्यादेपलीकडे लागू होतात, त्यामुळे पाचपन्नास पिंपे ठेवणारे छोटे युनिट त्यातून निसटते. तोडफोडीच्या काळात तर कारखाना कागदोपत्री कारखानाच राहत नाही. या फटीसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने कारखाना मोडण्यासाठी स्वतंत्र परवानगी ठेवावी, असे मला सुचवायचे आहे. त्या परवानगीसाठी उरलेल्या मालाची यादी, सक्षम व्यक्तीने दिलेला गॅसमुक्तीचा दाखला आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या ठेकेदाराचे नाव घ्यावे आणि हे सर्व गेटवर मराठीत व हिंदीत लावावे. ठेकेदाराच्या माणसाला अपघात झाल्यास जबाबदारी मूळ मालकाचीच राहील, ही अटही तीत असावी, कारण भंगार विकले म्हणजे धोकाही विकला, अशी समजूत येथे रूढ आहे.

जिल्हाधिकाऱ्यांनी याची सुरुवात एका साध्या यादीपासून करावी. डोंबिवली एमआयडीसीच्या दोन्ही फेजमध्ये आज कुलूप लागलेली युनिटे कोणती आणि त्यांच्या शेडमध्ये कोणता माल किती शिल्लक आहे, एवढेच तीत असले तरी चालेल. आमच्या गल्लीच्या टोकाला असे एक युनिट आहे. त्याच्या भिंतीवरून निळ्या पिंपांची रांग दिसते आणि गेल्या पावसाळ्यापासून त्यांतली काही फुगलेली आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त शिफ्ट सुपरवायझर,
डोंबिवली (पूर्व)