गृहमंत्र्यांना खुले पत्र : औषधाचं नाव कळवलंत, प्रमाण कुठे आहे?

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

माझा धाकटा भाऊ अचानक गेला. शवविच्छेदनातल्या नमुन्यांच्या रासायनिक तपासणीचा सरकारी अहवाल, म्हणजे सीए रिपोर्ट, गेल्या आठवड्यात एकदाचा हाती आला. इतके महिने ज्या कागदाची वाट पाहिली, त्यात कामाची ओळ एकच आहे : रक्तात आणि व्हिसेरात (तपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांत) अ‍ॅमिट्रिप्टिलिन आढळले. किती आढळले, ते लिहिलेलं नाही. रक्त शरीराच्या कुठल्या भागातून घेतलं, तेही नाही. ‘ताई, प्रमाणासकट रिपोर्ट येईल, मग डॉक्टर अंतिम अभिप्राय देतील,’ असं पोलीस ठाण्यात मला स्वच्छ सांगितलं होतं. आता प्रमाण मागायला गेले, तर उत्तर मिळालं की रक्त तपासणीतच संपलं.

साहेब, माझा भाऊ 34 वर्षांचा होता. भोसरीला रात्रपाळी करायचा. कमरेतली नस दबल्यामुळे त्याला झोप लागत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी हीच गोळी रात्री घ्यायला दिली होती. हे नैराश्यावरचं जुनं औषध आहे. कमी मात्रेत ते नसांच्या दुखण्यावर सर्रास देतात. चिठ्ठी आहे, औषधाच्या दुकानाची बिलं आहेत. जो माणूस रोज ही गोळी घेत होता, त्याच्या रक्तात ती सापडली, यात तुमच्या प्रयोगशाळेनं नवीन काय सांगितलं? ते तर आम्ही पंचनाम्याच्या दिवशीच सांगत होतो.

मी पतसंस्थेत काम करते, रसायनशास्त्राशी माझा संबंध नाही. पण या एका ओळीमुळे मला ते शिकावं लागलं. ओळखीच्या एका निवृत्त न्यायवैद्यक डॉक्टरांनी समजावून सांगितलं. माणूस गेल्यावरही त्याच्या शरीरातलं औषध एका जागी राहत नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी औषधं जिवंतपणी यकृतात, फुफ्फुसांत, हृदयाच्या स्नायूत साठून असतात आणि मृत्यूनंतर तिथून झिरपून हृदयातल्या रक्तात उतरतात. त्यामुळे हृदयातून काढलेल्या रक्तात हे औषध मांडीच्या शिरेतल्या रक्ताच्या कित्येक पट भरू शकतं. नेमाची गोळी घेणारा माणूस कागदावर मूठभर गोळ्या खाल्लेला दिसतो. म्हणून रक्त मांडीतल्या शिरेतून, ती शीर वरच्या बाजूला बांधून घ्यायचं आणि कुठून घेतलं ते बाटलीवर लिहायचं, अशी पद्धत आहे. शिवाय शरीरात या औषधाचं नॉरट्रिप्टिलिन होतं. दोन्ही मोजली तर अंदाज येतो : माणूस रोज गोळी घेणारा असेल तर नॉरट्रिप्टिलिनही बऱ्यापैकी असतं; एकदम खूप गोळ्या घेऊन लवकर मृत्यू आला असेल तर मूळ औषध त्यामानानं फार जास्त असतं. म्हणजे उत्तर त्याच रक्तात होतं. तुमच्या लोकांनी ते वापरून संपवलं आणि आम्हाला नुसतं औषधाचं नाव कळवलं.

त्या नावाची किंमत आम्ही मोजतोय. विमा पॉलिसीला वर्ष पुरं झालं नव्हतं, आणि पहिल्या वर्षातल्या आत्महत्येला विम्याची पूर्ण रक्कम मिळत नाही. त्यामुळे अंतिम अभिप्राय आल्याशिवाय दावा पुढे सरकणार नाही, असं कंपनीनं कळवलं. डॉक्टर म्हणतात, प्रमाण कळल्याशिवाय अभिप्राय कसा देऊ? प्रयोगशाळा म्हणते, रक्त नाही. भावजयीनं शाळेची फी भरायला मंगळसूत्र गहाण टाकलं. आणि नातेवाईक? तेराव्यालाच कुजबुज सुरू झाली होती, आता त्यांना सरकारी कागद मिळाला. आईनं देवळात जाणं सोडलंय. पुतण्या नऊ वर्षांचा आहे. ‘बाबांनी मुद्दाम गोळ्या खाल्ल्या का गं आत्या?’ असं त्यानं मला विचारलं. काय सांगू त्याला? तुमच्या खात्याच्या कागदात या प्रश्नाचं उत्तर आहे का?

आणि हे फक्त आमच्या घरचं नाही. मृतदेहाचं रक्त सोडियम फ्लोराइड हे जंतूंना रोखणारं रसायन न घालता ठेवलं, तर त्यातले जंतू स्वतःच अल्कोहोल तयार करतात. आयुष्यात थेंबही न घेतलेला माणूस दारुडा ठरू शकतो. उलटही होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ आणि इतर ठिकाणच्या छाप्यांत हजार किलोहून अधिक एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ, पकडलं, हजारो कोटींचा माल म्हणून सांगितलं. मग या शहरातली किती मुलं त्या एमडीनं गेली, ते कोण मोजणार? मेफेड्रोन साठवलेल्या रक्तात टिकत नाही, उबेत तर आणखी लवकर नाहीसं होतं. झटपट तपासणीचे नेहमीचे किट त्याला बऱ्याचदा ओळखतही नाहीत. त्याला मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणारं यंत्रच लागतं. फ्रीजबाहेर पडून राहिलेल्या बाटलीतून ‘अमली पदार्थ आढळला नाही’ असा रिपोर्ट निघाला, तर त्यावर विश्वास कुणी ठेवायचा? एका आईला खोटा डाग मिळतो आणि दुसरीला खोटा दिलासा.

फ्लोराइडची ती राखाडी टोपणाची नळी काही रुपयांना मिळते. समृद्धी महामार्गाला 55 हजार कोटी लागले, ते सापडले. शवागारात ही नळी आणि फ्रीजमध्ये एक कप्पा ठेवायला पैसे सापडत नाहीत?

मनात आणलं तर सगळं होतं, हे पुण्यानं पाहिलंय. मे 2024 मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर देशभरातले कॅमेरे इथे आले, तेव्हा गाडी चालवणाऱ्या मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचं डीएनए तपासणीतून काही दिवसांत बाहेर आलं आणि डॉक्टरांना अटकही झाली. तेव्हा यंत्रं चालू होती, माणसं जागेवर होती. आमच्या दारात कॅमेरा नव्हता, म्हणून आमची बाटली रांगेत. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले, सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं, अशी तरतूद झाली. चांगलं आहे. पण माझ्या भावाच्या मृत्यूबद्दल गुन्हा दाखल नाही, अकस्मात मृत्यूची नोंद आहे. तुमच्या राज्यात सरकारचं नीट लक्ष जावं म्हणून माणसाचा खूनच व्हावा लागतो का? मत मागायला आमच्या गल्लीत येता तेव्हा आम्ही कुठल्या कलमात बसतो, हे कुणी विचारत नाही. कर कापताना विचारत नाही. मेल्यावर मात्र माणसाची प्रतवारी लागते.

मला सांत्वनाचं पत्र नको. शवविच्छेदनातला प्रत्येक रक्तनमुना कुठून घेतला ते लिहा, फ्लोराइडमध्ये आणि थंडीत ठेवा. औषध सापडलं तर प्रमाण लिहिल्याशिवाय रिपोर्टवर सही होऊ देऊ नका, आणि फेरतपासणीपुरता नमुना राखून ठेवा. घरच्यांना रिपोर्टची प्रत हात जोडावे न लागता मिळू द्या.

आणि माझ्या भावाचं रक्त संपलं असलं, तरी व्हिसेरा घेतला होता, त्यात यकृत होतं. अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि नॉरट्रिप्टिलिन यकृतातही मोजता येतात. ती बरणी अजून आहे की नष्ट केली, हे मी दोनदा लेखी विचारलं, उत्तर नाही. ती असेल तर नष्ट करू नका, दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवा. नसेल, तर ती कुणाच्या सहीनं नष्ट झाली, ते मला लेखी कळवा.

आपली,
धायरी, पुणे येथील एक नागरिक