चाळीच्या भिंतींना चुनाच हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गिरगावातल्या आमच्या चाळीची दुरुस्ती उन्हाळ्यात ‘पूर्ण’ झाली. ठेकेदाराने मागच्या भिंतीचा चुन्याचा गिलावा खरवडून काढला, त्यावर सिमेंटचा जाड थर चढवला आणि वरून रंग मारला. गणपती येईपर्यंत भिंतीला लोणा लागला, म्हणजे ओलीबरोबर आलेले क्षार पांढरे फुटून वर आले. जिन्याजवळ बोटाने ठोकून पाहिलं तर गिलावा ढबढब वाजतो. पोपडा उचलला की खालची वीट पिठासारखी हातात येते.

माझी सगळी नोकरी फोर्टातल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर देखरेख करण्यात गेली, त्यामुळे यात मला नवल वाटलं नाही, संताप मात्र आला. चुन्याच्या भिंतीत ओल शिरते तशी बाहेरही पडते. सिमेंट तिची वाट बुजवतं. तड्यांतून पाणी आत जायचं थांबत नाही. ते अडकतं, क्षार विटेतच साचतात आणि वीट फुटते. त्याहून वाईट हाल तुळयांच्या टोकांचे. आमच्यासारख्या चाळींचा सांगाडा सागवानी. खोलीतून लाकूड ठणठणीत दिसतं, पण भिंतीत रुतलेलं टोक कुजत असतं. मग टेकू लागतात आणि लोक म्हणतात, इमारत जुनी झाली. अहो, जुनी ती होतीच! तिला मोडलं ते दुरुस्तीने.

चुन्याचं काम सावकाश होतं, हे मान्य. कळीचा चुना विरवायचा, मुरू द्यायचा, सुरखी म्हणजे विटांची भुकटी घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा, गिलावा झाल्यावर तो ओला ठेवायचा. काही गवंडी त्यात गूळ-मेथीचं पाणी घालत. प्रमाणावरून त्यांची भांडणंही मी पुष्कळ सोडवली आहेत. आता असे गवंडी शोधावे लागतात. कामच निघालं नाही तर पोरं शिकणार कशाला?

आपल्याला हे जमत नाही, असंही नाही. राणीच्या बागेजवळचं १८७२ सालचं भाऊ दाजी लाड संग्रहालय जीर्णोद्धारानंतर २००८ साली पुन्हा उघडलं, ते जाऊन पाहावं. त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. भायखळा स्थानकालाही २०२२ साली मिळाला. मुंबईत वारसा इमारतींसाठी १९९५ पासून नियमावली आहे. पण ज्या चाळीचं नाव वारसा यादीत नाही, तिच्या भिंतीवर कोणीही काहीही थापावं, अशी आज स्थिती आहे.

‘पुनर्विकास होणारच आहे, मग कशाला एवढं?’ असं शेजारी विचारतात. लिफ्ट मलाही हवी आहे, गुडघे आता ऐकत नाहीत. पण संमत्या, आराखडे, कोर्टकचेऱ्या यांत किती वर्षं जातात ते गिरगावकरांना सांगायला नको. तोवर माणसं याच छपराखाली झोपतात.

१ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे ‘अ’ वर्गातल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात चुन्याचा गिलावा ही स्वतंत्र बाब असावी. सिमेंटच वापरायचं असेल तर अभियंत्याने त्याचं कारण लेखी द्यावं. आणि ठेकेदाराची अनामत रक्कम एक पावसाळा गेल्यावर, भिंत ठोकून पाहिल्याशिवाय सोडू नये.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई