टोप्यांचे शेंडे छाटलेली डिस्क परत घ्या

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : 'स्टीमबोट बिल, ज्युनिअर' (१९२८) या मूकपटाच्या ब्लू-रे संचाबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात विनोदी नट बस्टर कीटनच्या या चित्रपटाचा दोन डिस्कचा संच मी तुमच्याकडून २,४९९ रुपयांना मागवला. जाहिरातीत 'मूळ ४:३ चौकट' (म्हणजे रुंदी ४, तर उंची ३) असं स्वच्छ लिहिलं होतं. आलेलं चित्र १६:९ आहे. रुंद टीव्ही भरावा म्हणून तुम्ही वरून-खालून मिळून पाव चित्र उडवलंत.

त्या पाव चित्रात काय होतं ते सांगतो. बाप पोराला, म्हणजे कीटनला, टोपीच्या दुकानात नेतो. डोक्यावर एकामागून एक टोप्या चढतात, उतरतात. मध्येच कीटनची ती ओळखीची चपटी टोपी येते आणि तो ती घाईघाईने काढून टाकतो. सगळी गंमत टोप्यांची, आणि तुमच्या डिस्कवर टोप्यांचेच शेंडे गायब!

पुढे वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनवर कोसळते आणि पोटमाळ्याच्या उघड्या खिडकीमुळे तो वाचतो. भिंत खरी होती, सुमारे दोन टनांची. खिडकीची चौकट आणि त्याचं अंग यांत जेमतेम काही इंच. पण ती खिडकी तुम्ही छाटलेल्या भागात गेली. आता भिंत पडते आणि माणूस वाचला कसा, ते माझ्या नातवाला कळेना.

दुसऱ्या डिस्कची कथा वेगळीच. मूकपटांच्या काळात परदेशी प्रतींसाठी बरेचदा वेगळी निगेटिव्ह (जिच्यावरून प्रती काढतात ती फिल्म) तयार करत, त्यात टेक (त्याच दृश्याचं वेगळं चित्रण) आणि कॅमेऱ्याचे कोन थोडे निराळे असत. या चित्रपटाच्या अशा दोन आवृत्त्या आहेत. त्या ताडून बघायच्या, हा आम्हा जमवणाऱ्यांचा नाद (घरच्यांच्या मते खूळ). खोक्यावर 'दोन्ही आवृत्त्या' छापलंय. मित्राचा प्लेअर आणून दोन्ही डिस्क शेजारी-शेजारी लावल्या. एकच चित्रपट दोनदा!

फोनवर तुमच्या माणसाने 'टीव्हीचं सेटिंग बदला' असं सांगितलं. तीन टीव्हींवर पाहिलं, सेटिंगही बदललं. संवाद लिहिलेल्या मोठ्या पाट्यांची वरची ओळ सगळीकडे अर्धीच दिसते.

१५ दिवसांत कुरिअर खर्चासह पूर्ण रक्कम परत करा, नाहीतर मी ग्राहक आयोगाकडे जाईन. बदली संच द्यायचा असेल, तर आधी टोपीच्या प्रसंगाचा एक फोटो पाठवा. शेंडे दिसले तरच घेईन.

आपला,
एक ग्राहक
सोबत : बिलाची प्रत, पडद्याचे चार फोटो