घोंगडीच्या वासावरनं

बाळा,

काल फोनवर तू सांगितलंस की हॉस्टेलच्या रूममधली पोरं तुझ्या घोंगडीला मेंढराचा वास येतो म्हणून हसतात, आणि मग गप्पच झालास. तेव्हापासून माझं कशात मन लागेना. आत्ता मेंढरांभोवती वाघर म्हणजे जाळी लावून, जेवून, मोबाईलवर हे लिहितोय, तुझ्या सरांच्या फोनवर पाठवतो.

मागच्या आठवड्यात एक व्हिडिओ बघितला, मग रात्री बसून त्याच्याबद्दल बरंच वाचलं. रशियात पार वरती सायबेरियात यमाल म्हणून मुलूख आहे, तिथं नेनेत्स लोक रेनडियरचे, म्हणजे बर्फाळ मुलखातल्या हरणांचे, कळप घेऊन आपल्यासारखेच फिरतात, वर्षाला शेकडो किलोमीटर. बिऱ्हाड घोड्यावर नाही, स्लेजवर, म्हणजे बर्फावरनं घसरत ओढायच्या गाडीवर. खांबांवर रेनडियरची कातडी टाकून तंबू उभारतात त्याला चूम म्हणतात, आणि ते बायकाच उभारतात. तुझ्या आईला फोटो दाखवला तर कितीतरी वेळ बघत बसली.

तिथली पोरं सात वर्षांची झाली की शाळेला जातात, पण शाळा लांब म्हणून तळावर हेलिकॉप्टर येतं न्यायला, १ सप्टेंबरला शाळा भरायच्या आधी. मग बरीच पोरं थेट मोठ्या सुट्टीलाच परत. तुला सोडून आलो तेव्हा एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो होतो, तुला कधी बोललो नाही. पूर्वी सोव्हिएत काळात तर त्या शाळांत पोरांना स्वतःच्या भाषेत बोलू द्यायचे नाहीत, हे वाचून फार वाईट वाटलं. आता काही ठिकाणी मास्तरच तळाबरोबर फिरतात म्हणे, तसं आपल्याकडं पण व्हायला पाहिजे.

आणि एक वाचलं ते मनातनं जातच नाही. नोव्हेंबर २०१३ ला तिथं बर्फावर पाऊस पडला आणि वर कडक थर गोठला. रेनडियर खुरानं बर्फ उकरून खालचं दगडफुलासारखं खातात, त्यांना ते लागेचना. त्या हिवाळ्यात ६१ हजार जनावरं उपासमारीनं मेली. मला आपला २०२१ चा डिसेंबर आठवला, ती अवकाळी. एका रात्रीत आपली अकरा मेंढरं गारठून गेली. तू केवढासा होतास, एक ओलं कोकरू घोंगडीत घेऊन पहाटेपर्यंत बसलास, झोप म्हटलं तरी झोपला नाहीस, आणि सकाळी ते उठून लुचायला लागलं.

तीच घोंगडी आहे ती. पोरांनी विचारलं तर हे सांग, नाही विचारलं तरी सांग.

नेनेत्स लोक पोराच्या नावानं रेनडियर ठेवतात, पोरगं शाळेत असलं तरी ते त्याचंच. आपली चांदी म्हणजे तेच कोकरू, ती परवा व्याली. काळं कोकरू आहे, कपाळावर पांढरा ठिपका. आईनं दोनदा विचारलं काय नाव ठेवायचं, मी म्हटलं मालकाला विचारू.

मे महिन्यात सुट्टी लागली की एसटीनं न्यायला येतो, तोवर आपण घाट चढायच्या बेतात असू. घोंगडी बरोबर आण, वर रात्रीचं गार असतं.

तुझा पप्पा