घुशीची कवटी

सोलापूर, रविवार रात्र

प्रिय संज्या,

लका, फोन केला की तू मीटिंगमध्ये, म्हणून लिहूनच टाकतो. मंगळवेढ्याच्या रानात ज्वारी काढल्यावर बांधावरच्या बिळापाशी घुशीची कवटी सापडली. आण्णा म्हणाले फेक, पण मी धुवून टेबलावर ठेवलीय. पुढचे दात समोरून नारिंगी अन कडक, मागून मऊ, मऊ बाजू आधी झिजते म्हणून धार आपोआप लागते, आणि ते मरेपर्यंत वाढतच राहतात. मग मोकळी जागा, मग दाढा. कुरतडायचं तर खालचा जबडा पुढं सरकवायचा, दळायचं तर मागं घ्यायचा, दोन्ही एकदम होत नाही.

हेच बघत बसलो होतो आणि उरुग्वेतल्या जोसेफोआर्टिगासियाबद्दल वाचलं, तेव्हापासून डोक्यातून जाईना. 40 ते 20 लाख वर्षांपूर्वीचा उंदरांच्या गणातला प्राणी, कवटी 53 सेंटिमीटर! माझी घुशीची तळहातावर मावते. 2008 ला वजन हजार किलोच्या घरात धरलं होतं, 2022 मध्ये कवटीच्या मागच्या भागाची रुंदी मोजून हिशेब केला तर 480 च्या आसपास आलं, तरी म्हशीएवढं झालं की.

पण खरी गंमत 2015 ची. कवटीचं सीटी स्कॅन करून कॉम्प्युटरवर मॉडेल केलं, तर पुढच्या दातांचा चावा निघाला 1389 न्यूटन, म्हणजे साधारण 140 किलोचा भार, आणि शेवटच्या दाढेपाशी 4165. आता ऐक, ते पुढचे दात ह्या चाव्यापेक्षा कितीतरी जास्त जोर सोसतील इतके मजबूत होते. नुसतं चावायलाच असते तर एवढे जाड कशाला? तू रानात नुसती पहार बघितलीस तरी सांगशील ना की ही भाजी चिरायची नाही, हिच्यानं दगड उपटतात. तसंच आहे हे. म्हणून संशोधक म्हणतात की हा प्राणी हत्तीच्या सुळ्यांसारखे दात वापरत असावा, माती उकरायला किंवा अंगावर आलेल्याला हाणायला, आणि चिवट पाला दाढांनी दळत असावा. ह्यातलं उकरणं मला जास्त पटतं, बांधाची हालत रोज बघतो म्हणून असेल, पण नुसत्या कवटीवरून दोन्हीतलं एक निवडता येत नाही हेही खरंय.

पाडव्याला ये. खालच्या दाताचं मूळ जबड्यातनं वळत पार दाढांच्या खालनं मागं जातं, जबडा उजेडात धरून दाखवतो तुला.

तुझा,
बाळ्या