कोणती साखर, तेवढं छापा

संपादक महोदय,

नाताळ जवळ आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत केक-बिस्किटांच्या पाककृती येऊ लागतात. त्यांत बहुतेक वेळा 'साखर १ वाटी' किंवा 'पिठीसाखर १ कप' एवढंच छापलेलं असतं. भाजीत चिमूटभर घालायची असेल तर ठीक, पण बेकिंगला एवढ्यानं भागत नाही. 'पिठीसाखर' या एकाच शब्दात सध्या तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात: मिक्सरमध्ये दळलेली साखर, दुकानातली आयसिंग शुगर आणि इंग्रजी पाककृतीतल्या कॅस्टर शुगरचं भाषांतर. यातलं तिसरं सरळ चूक आहे, आणि केक बिघडतात ते जास्त करून त्यामुळेच.

कॅस्टर शुगर हे पीठ नव्हे. तिला दाणा असतो, साधारण पाव मिलिमीटरचा. चिमटीत चोळली तर बारीक रव्यासारखी लागते. (ही साखर भुरभुरवायच्या भोकांच्या डबीला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. कॅस्टर ऑइलशी, म्हणजे एरंडेलाशी, तिचा काही संबंध नाही.) आपली किराणा दुकानातली साखर याहून बरीच जाड. पोत्यावर एम-३० किंवा एस-३० असं लिहिलेलं असतं. त्यातलं अक्षर दाण्याचा आकार सांगतं आणि आकडा रंग. एस म्हणजे लहान दाणा, पण तोही अर्ध्या मिलिमीटरच्या वरच. एम तर एक मिलिमीटरच्या पुढे जातो. अमेरिकेतली रोजच्या वापराची साखरही आपल्या एसपेक्षा बारीक असते. तेव्हा तिकडचा व्हिडिओ पाहून केक करताना 'साधी साखर' असं ऐकू आलं तरी आपण कॅस्टरच घ्यावी.

दाण्याला एवढं महत्त्व का? बटर आणि साखर फेसताना दाण्यांच्या कडा बटरमध्ये रुततात आणि सोबत थोडी थोडी हवा आत ओढून नेतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे करत नाही, फेसताना अडकलेलेच बुडबुडे ओव्हनमध्ये फुगवते. दाणा बारीक असला की तेवढ्याच वजनात दाणे जास्त, म्हणून बुडबुडे जास्त आणि केकची जाळी नाजूक. तीच साखर दळून पीठ केली की रुतायला कडच उरत नाही. मिश्रण दोन मिनिटांत पांढरट, मऊ दिसू लागतं आणि 'झालं' असं वाटतं, पण आत हवा धरलेली नसते. केक बसका आणि गच्च होतो. जाड साखरेचं उलट. ती पुरती विरघळत नाही, केकच्या माथ्यावर तपकिरी ठिपके उठतात आणि खाताना दाताखाली कचकच येते.

गोव्यात यात हवामानाची भर पडते. फेसण्यासाठी बटर १८ ते २१ अंश सेल्सिअसच्या आसपास हवं, आणि आपलं स्वयंपाकघर बरेच महिने ३० च्या पुढे. जाड साखर फेसायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात बटर तेलकट होऊन धरलेली हवा सोडून देतं. कॅस्टर शुगरला बीटरवर ४ ते ५ मिनिटं पुरतात. बटर फ्रिजमधून काढून लहान तुकडे करावेत. बोट दाबल्यावर खळगा पडला पण बोटाला बटर चिकटलं नाही, की लगेच सुरुवात करावी. मिश्रण फेसता फेसता पातळ वाटू लागलं तर भांडं १० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेसावं.

मापाचा घोळ वेगळाच. २४० मिलिलिटरच्या कपात दाणेदार किंवा कॅस्टर साखर सुमारे २०० ग्रॅम बसते, आयसिंग शुगर किंवा घरची पिठी मात्र सुमारे १२० ग्रॅम. म्हणजे 'एक कप कॅस्टर'च्या जागी 'एक कप पिठीसाखर' छापली, की दाणा तर गेलाच, शिवाय ८० ग्रॅम साखरही कमी पडली. केक कोरडा होतो, वर रंग धरत नाही आणि दुसऱ्याच दिवशी शिळा लागतो, कारण केकमधला ओलावा धरून ठेवण्याचं कामही साखरच करते.

कॅस्टर शुगर पणजी, मडगाव, म्हापशात मिळते, पण महाग पडते. घरी ती सहज करता येते. मिक्सरचं लहान भांडं अगदी कोरडं करून त्यात २०० ग्रॅम साखर घ्यावी आणि दोन-दोन सेकंदांचे चार-पाच झटके द्यावेत. सलग फिरवू नये; भांडं तापतं, साखर दमट होऊन तळाशी चिकटते. धूळ बसल्यावर झाकण उघडावं. मग दोन चाळण्या. आधी बारीक रव्याच्या चाळणीतून चाळावी. वर राहील ती जाड, ती पुन्हा मिक्सरमध्ये. खाली पडलेली मैद्याच्या चाळणीतून चाळावी. खाली जाते ती पिठी, वर राहते ती कॅस्टर. ही दुसरी चाळणी बहुतेक जण टाळतात, आणि मग निम्मी पिठी मिसळलेली साखर फेसत बसतात.

आयसिंग शुगर पिठीहून बारीक आणि एकसारखी असते. गुठळ्या होऊ नयेत म्हणून तिच्यात बहुधा स्टार्च घालतात, आपल्याकडे सहसा कॉर्नफ्लोअर. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार स्टार्च घातला तरी तो ४ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि न घातलेली साखरही आयसिंग शुगरच ठरते. म्हणून पाकिटावरचे घटक वाचावेत. बटरक्रीम आणि फेटलेल्या क्रीममध्ये या स्टार्चचा आधार मिळतो. पाक किंवा कॅरमल करायला मात्र ही साखर कधीच घेऊ नये. पाक गढूळ होतो आणि तळाला लागतो. उपवासाचे लाडू करणाऱ्यांनीही पाकीट पाहावं, कारण कॉर्नफ्लोअर उपवासाला न चालणारी घरं पुष्कळ आहेत. त्यांनी घरची पिठीच वापरलेली बरी.

घरी आयसिंगला साखर दळायची असेल तर १०० ग्रॅम साखरेला एक सपाट चमचा, म्हणजे ३ ग्रॅमच्या आसपास, कॉर्नफ्लोअर घालून बारीक करावी आणि दोनदा वस्त्रगाळ करावी. पिवळं मक्याचं पीठ घालू नये, पांढरं कॉर्नफ्लोअरच हवं. एवढं करूनही नाताळच्या केकवरच्या रॉयल आयसिंगला (एका अंड्याच्या पांढऱ्याला सुमारे २२५ ग्रॅम साखर, अर्धा चमचा लिंबाचा रस) विकतचीच घ्यावी. मिक्सरमध्ये राहून गेलेला एखादा दाणाही आयसिंग पिळायच्या बारीक नोझलमध्ये अडकतो.

पिठी नेमकी कुठे हवी, तर नानखटाईत. तिथे हवा भरायची नसते, बिस्कीट पसरू नये आणि तोंडात विरघळावं एवढंच हवं असतं. २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम पिठीसाखर, १०० ते ११० ग्रॅम तूप हे प्रमाण जमतं. दाणेदार साखर घातली तर ती भाजताना वितळून बिस्कीट पसरतं आणि कडक होतं. नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, कोरड्या सारणातही पिठीच, पण खोबरं आणि रवा भाजून पूर्ण गार झाल्यावर; गरम असताना घातली की सारणाला पाणी सुटतं.

बेबिंका किंवा पाक करून केलेली बोलिन्हा या गोव्याच्या गोड पदार्थांना दाण्याची फिकीर नको. तिथे साखर नारळाच्या रसात किंवा पाण्यात विरघळूनच जाते, तेव्हा साधी एम-३० पुरते आणि कॅस्टरवर पैसे घालणं व्यर्थ.

पावसाळ्याबद्दल एक गोष्ट. साखर जितकी बारीक, तितकी दमट हवेत लवकर ओल धरते. जून ते सप्टेंबर आठवड्याला लागेल तेवढीच दळावी, काचेच्या घट्ट बरणीत ठेवावी. बरणी फ्रिजमध्ये ठेवू नये; बाहेर काढून उघडली की आत दव जमतं आणि दुसऱ्या दिवशी खडा तयार.

आपल्या पुरवणीकडे मागणी एवढीच: साखरेपुढे प्रकार आणि ग्रॅम दोन्ही छापावेत. 'कॅस्टर' शब्द नको असेल तर 'बारीक दाणेदार साखर, २०० ग्रॅम' असं लिहावं. 'पिठीसाखर' हा शब्द दळलेल्या साखरेपुरताच ठेवावा, आणि स्टार्च असलेली हवी असेल तिथे 'आयसिंग शुगर' असंच म्हणावं.

आपल्या,
बेकिंगचे वर्ग घेणाऱ्या दोन वाचक, फोंडा